बाईसाहेबांचा जोडीदार

मेलेला मासा मी पिशवीतून नेला आणि मोईनच्या काउंटरवर ठेवला.

“पुन्हा?” तो म्हणाला.

“पुन्हा.”

“कधी गेला?”

“काल दुपारी सोडला. आज सकाळी तळाला होता.”

मोईन मुजावरचं राजारामपुरीत माशांचं दुकान होतं. सगळं गोड्या पाण्याचं. खाऱ्या पाण्याच्या टाक्या फक्त दोन, त्याही आतल्या बाजूला. कोल्हापुरात खाऱ्या पाण्याचे मासे पाळणारी घरं अशी कितीशी असणार? त्यांतलं एक आमचं होतं. आमचं म्हणजे कुंदाचं, माझ्या बायकोचं. ती जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. या गोष्टीलाही आता सहा वर्षं झाली.

मोईननं पिशवी उजेडात धरून इकडून तिकडून पाहिली.

“काका, हे तुमच्या बाईसाहेबांचं काम.”

बाईसाहेब म्हणजे टाकीतला जुना मासा. बोटभर लांब, नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे. मादी होती आणि रुबाब होता, म्हणून कुंदानं ते नाव ठेवलेलं. आधी जोडी होती. कुंदा आजारी पडली त्या दिवसांत नर मेला. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी ती कॉटवर पडल्या पडल्या टाकीकडे बघत होती. म्हणाली, “अहो, बाईसाहेब एकटी पडलीय. तिला एखादा लहानसा जोडीदार आणा.” मी म्हणालो, “बघू.” मला बघू म्हणायची सवय होती. कुंदा परत घरी आली नाही. तिनं मला सांगितलेलं ते शेवटचं काम. दुसरं सगळं माझ्या हातून निसटलं होतं. निदान हे वर्षश्राद्धाच्या आत करायचं, एवढं मी ठरवलं होतं. आणि तेवढंही होत नव्हतं. हा दुसरा मासा होता.

“लहान नर दिला होतास ना? म्हणालास की लहान नराला मादी मारत नाही.”

“साधारणपणे नाही मारत. पण ती वर्षभर एकटी राहिलीय. सगळी टाकी आपल्या बापाची समजते. दुसरी जात टाकून बघू. तिच्या वाटेला न जाणारी.”

“तो निळा दे की मग. चपळ दिसतोय.”

“डॅमसेल? दिसायला देखणा, पण अंगात नुसती मस्ती. दोन फुटांच्या टाकीत तो बाईसाहेबांना कोपऱ्यात बसवंल.”

“तो पिवळा?”

“टँग. त्याला पळायला चार फूट लागतात. तुमच्यात काचेवर डोकं आपटून घेईल.”

“आणि तो काटेरी?”

“लायनफिश? तो बाईसाहेबांना गिळंल आणि ढेकर देईल.”

“म्हणजे तुझ्याकडं एकही चांगला मासा नाही.”

“चांगले सगळेच आहेत ओ काका. एकाला दुसरा चालला पाहिजे ना.” मग त्यानं दोन्ही वेळा विचारलं होतं तेच पुन्हा विचारलं. “पाण्याचा खारटपणा मोजताय ना?”

“मोजतोय.”

“नक्की?”

“अडतीस वर्षं लेथवर काढलीत मी. केसाच्या जाडीचा फरक मोजून पोट भरलंय. मला मोजायला शिकवू नकोस.”

आतून त्यानं फायरफिश नावाचा एक बारका मासा काढून दिला. पुढून पांढरा, मागून लालभडक. गरीब जात, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं म्हणाला. “टाकीतले दगड हलवा, म्हणजे बाईसाहेबांना आपली जागा ओळखू येणार नाही. आणि दोन दिवस याला भोकाच्या टोपलीत घालून टाकीतच ठेवा. एकमेकांना बघतील, पण चावता येणार नाही.”

घरी सासूबाई टाकीसमोर स्टुलावर बसल्या होत्या. त्या कोकणातल्या, शिरोड्याच्या. कुंदाच्या आजारपणात आल्या, आणि नंतर राहिल्या. राहा असं मी म्हटलं नव्हतं, जा असंही म्हटलं नव्हतं. त्यांचा मुलगा गुरुनाथ वर्षश्राद्धाला येणार होता आणि जाताना त्यांना घेऊन जाणार होता, एवढं ठरलेलं होतं. कुंदा होती तोवर आम्ही तिच्यामार्फत बोलायचो. ती गेल्यावर आमचं बोलणं म्हणजे दूध आलं का, गॅस संपला, दार लावून घ्या.

“आनलास?” त्यांनी पिशवीकडे बघितलं. “आता हो कसलो?”

“फायरफिश.”

“एवढ्यात कालवान पण व्हायचां नाय.”

“कालवणाला नाही आणलेला.”

“मस्करी केलंय हो,” त्या म्हणाल्या.

मला मस्करी नको होती. मी बाह्या वर केल्या, दगड हलवले, भाजी धुवायची प्लास्टिकची टोपली दोरीनं बांधून टाकीत सोडली आणि त्यात नवा मासा ठेवला. बाईसाहेब एकदा टोपलीजवळ येऊन गेली. सासूबाईंना मी बजावलं, “टाकीला हात लावायचा नाही. काही झालं तरी.”

“मी कित्याक लावतलंय?”

टाकीचं सगळं मी एकट्यानं करत होतो. काचेवर कुंदानं स्केचपेननं एक रेघ मारलेली होती. पाणी रेघेच्या खाली गेलं की वर आणायचं. मी रोज सकाळी अर्धा लिटर खारं पाणी कालवून घालायचो. दर रविवारी दहा लिटर जुनं काढून दहा लिटर नवं. मीठ कुंदा वापरायची तेच, पाकिटावरचं मापही तेच. अकरा महिन्यांत एका दिवसाचा खाडा केला नव्हता. ताप असताना केलेलं आहे. आणि एवढं करून मासे मरत होते, याचाच मला जास्त संताप यायचा. कुंदाच्या हातात सगळं जगायचं. एक मासा तिनं सहा वर्षं टिकवला होता. मला सहा दिवस जमत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारातून आलो तर सासूबाई टाकीतून हात बाहेर काढत होत्या. कोपरापर्यंत ओला. टोपलीत फायरफिश आडवा पडला होता.

“काय केलंत?”

“टोपली वाकडी झालेली. जरा सारकी केलंय. तो आदीच…”

“किती वेळा सांगितलं हात लावू नका!”

“तो आदीच मेल्लो हो.”

मी टोपली उचलली. मासा खरंच कडक झालेला होता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. टोपलीत बाईसाहेब शिरू शकत नव्हती. म्हणजे तिनं मारला नव्हता. मग कुणी मारला? टाकीत हात घातलेलं दुसरं माणूस समोर उभं होतं.

“तुम्ही हात लावता आणि मरतं,” मी म्हणालो.

“काय म्हणतास?”

“खरं तेच म्हणतोय. कुंदासुद्धा तुमच्याच हातची पेज खाऊन गेली.”

वाक्य तोंडातून गेलं आणि मला कळलं की हे परत घेता येणार नाही. तरी मी घेतलंही नाही. टोपली हातात धरून उभा राहिलो.

सासूबाई मोरीत गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं त्या परत आल्या, माझ्याकडे न बघता टाकीपाशी गेल्या, माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. डोळे मिटले. पुन्हा एकदा बुडवलं, पुन्हा लावलं.

“ह्यां पाणी दर्याचां नाय,” त्या म्हणाल्या.

“पाकिटातलं मीठ आहे. समुद्रासारखंच असतं.”

“मीठ असात. पाणी नाय. ह्यां मिठागरातलां पाणी. दुसऱ्या वाफ्यातलां.”

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं?”

“माजो बापूस मिठागरात होतो,” त्या म्हणाल्या. आवाज वाढलेला नव्हता. “भरतीचां पाणी पयल्या वाफ्यात घेतत. त्येच्यावांगडा बारीक मासळी येता, ती जगता. मगे उनान पाणी उडता. दुसऱ्या वाफ्यात जायसर मासळी उलटी पडता. बापूस जिभेर थेंब लावन सांगी, आता दार उघड, आता थांब. मी धा वर्साची असताना माका पण कळा होतां.” त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. “तुमी सकाळी घालतास तां पाणी गोडां काय खारां?”

“खारं. खाऱ्या टाकीत खारंच घालणार ना?”

“आनी उडता तां?”

मी काचेवरच्या रेघेकडे बघितलं.

“उडता तां गोडां, जावयानू. मीठ खंय उडता?”

एवढं साधं होतं. लेथवर गरम झालेल्या पात्यावर पाणी सोडलं की वाफ होते आणि पांढरा थर मागे राहतो, हे मी आयुष्यभर बघत आलो होतो. कुंदा रोज सकाळी तांब्यानं टाकीत पाणी घालायची. मी शेजारी पेपर वाचत बसलेला असायचो. त्या तांब्यात कसलं पाणी आहे, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. पाणी घालते एवढंच दिसलं होतं. ती गेल्यावर माझ्या मनानं ठरवलं, खारं असणार. आणि रोज अर्धा लिटर पाण्यातलं मीठ आत जात राहिलं.

“मग बाईसाहेब कशी जगली?” मी विचारलं.

“ती हंयच होती. रोज थोडां थोडां वाडलां, तेका ती सवयली. नवे येतत ते दर्यातसून एकदम वाफ्यात पडतत.” त्या स्वयंपाकघरात गेल्या. जाता जाता म्हणाल्या, “वर्षश्राद्ध झाला की मी गुरूवांगडा जातंय.”

ते आधीच ठरलेलं होतं. पण आता ते वेगळं वाटलं.

मी बाटलीत टाकीतलं पाणी भरलं आणि तसाच मोईनकडे गेलो. त्यानं एका नळकांड्याच्या काचेवर दोन थेंब टाकले आणि उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिलं. पुसलं, पुन्हा पाहिलं.

“सत्तेचाळीस. लिटरमागं सत्तेचाळीस ग्रॅम मीठ.”

“किती पाहिजे?”

“पस्तीस.” त्यानं नळकांडं खाली ठेवलं. “काका, तुम्ही मोजत होता ना?”

“नाही.”

“नाही?”

“तिचं काचेचं मोजायचं होतं ते माझ्या हातून फुटलं. पहिल्याच महिन्यात. नवं आणायचं राहिलं.”

“मग मोजतोय म्हणून का सांगत होता? तीन वेळा विचारलं मी!”

“मीठ मापानंच घालत होतो. मोजायची काय गरज, असं वाटलं.”

मोईन सहसा गिऱ्हाइकावर चिडत नसे. त्या दिवशी चिडला. “तीन जीव गेले ओ. आणि मी त्या बिचाऱ्या बाईसाहेबांना शिव्या घालत बसलो. माझ्या टाकीतलं पाणी पस्तीस, तुमचं सत्तेचाळीस. अर्ध्या तासात त्यात सोडल्यावर दुसरं काय होणार?”

“आता काय करू ते सांग. आजच गोडं ओततो.”

“खबरदार! जी एक जिवंत आहे ती पण जाईल. ती त्या पाण्याला सरावलीय. रोज जेवढं उडतं तेवढं फिल्टरचं गोडं पाणी घाला, बिनमिठाचं. रविवारी बदलता ते पस्तीसचं कालवा आणि आधी माझ्याकडून मोजून घ्या. आपोआप उतरेल.”

“किती दिवस लागतील?”

“दोन महिने धरा. तोवर मी तुम्हाला मासा देणार नाही. पाया पडलात तरी नाही.”

“आठ दिवसांवर वर्षश्राद्ध आहे, मोईन.”

“माशाला तिथी कळत नाही, काका.”

मी बाहेर येऊन फुटपाथवर उभा राहिलो. कुणावर चिडायचं तेच कळेना. मोईनवर चिडलो होतो, बाईसाहेबवर चिडलो होतो, सासूबाईंना नको ते बोललो होतो. आता फक्त मीच उरलो होतो आणि स्वतःवर ओरडायची काही सोय नव्हती.

ते आठ दिवस वाईट गेले. सासूबाई वेळेवर चहा देत होत्या, ताट वाढत होत्या. बोलत नव्हत्या. त्यांच्या कपड्यांची पिशवी त्यांनी दाराजवळच्या खुर्चीवर भरून ठेवली होती. मी रोज सकाळी टाकीत गोडं पाणी घालायचो, तेव्हा त्या स्वयंपाकघरातून बघायच्या. मी दोनदा बोलायला गेलो. एकदा “आई” म्हणालो आणि पुढं “साखर संपलीय का” असं विचारून परत आलो. दुसऱ्यांदा तेवढंही जमलं नाही. चुकलो एवढा एक शब्द म्हणायचा होता. तो म्हणायला माणसाला शिक्षण लागत नाही.

वर्षश्राद्धाला घरचेच होतो. गुरुनाथ सकाळीच शिरोड्याहून गाडी घेऊन आला होता. माझा थोरला भाऊ, वहिनी आणि वरच्या मजल्यावरचे जोशीलकर नवरा-बायको. भटजी विधी करून गेल्यावर पानं मांडली. गुरुनाथ टाकीसमोरच्या पाटावर बसला होता. मोकळ्या स्वभावाचा माणूस. त्याला शांतता सोसत नाही.

“काय हो भावजी,” तो म्हणाला, “ताईच्या माशाक अजून जोडीदार मिळूक नाय? फोनवर म्हणालास, ती कोणाक टिकाक देणा नाय म्हणान. अगदी ताईवरच गेली म्हणायची!”

सगळे हसले. कुंदाच्या आठवणीनं वर्षभरात पहिल्यांदाच कुणी हसत होतं. मीही हसून सोडून देऊ शकलो असतो. सासूबाई वडे वाढत होत्या, त्या थांबल्या नाहीत, पण माझ्याकडे बघितलं.

“तिनं कुणाला काही केलं नाही,” मी म्हणालो. “तिन्ही मासे मी मारले. पाणी मी बिघडवलं. आणि तिसरा मेला तेव्हा मी तुझ्या आईला बोललो, की कुंदा तुमच्या हातची पेज खाऊन गेली.”

गुरुनाथचा घास हातातच राहिला. माझा भाऊ म्हणाला, “अरे, तू काय…” वहिनींनी पदर तोंडाला लावला.

“जेवताना कसल्यो गोष्टी काडतास?” सासूबाई म्हणाल्या. “गुरू, वडो घे. गरम आसा.” आणि त्या आत गेल्या.

मी पानावरून उठलो. श्राद्धाच्या पानावरून असं उठू नये, हे मला माहीत आहे. स्वयंपाकघरात त्या गॅसवरची खीर ढवळत होत्या.

“चार लोकांत कित्याक सांगलात?”

“दोघांत ठेवलं असतं तर मी बोललोच नाही असं झालं असतं. आई, माझं चुकलं.”

त्यांनी डाव फिरवला, पुन्हा फिरवला.

“माका तुमचो राग इलो नाय,” त्या म्हणाल्या. “तुमी बोललात म्हणान नाय दुखलां. वर्सभर माका तांच वाटा होतां. सांजच्या वेळेर हॉस्पिटलात मी तिका पेज भरवलंय, तिका ठसको लागलो. मगे ती बोलाकच नाय. मी मनात म्हणा होतंय, माज्या हातान घशात गेली. तुमका कसां कळलां, तां माका कळणा नाय.”

वर्षभर ही बाई टाकीसमोर स्टुलावर बसायची, आणि मला वाटायचं, हिला दुसरं काही काम नाही.

“पेजेनं नाही गेली ती,” मी म्हणालो. “आई, ऐका. डॉक्टरांनी मला महिनाभर आधी सांगितलं होतं. यकृतात सगळीकडे पसरलं होतं. फार तर महिना, म्हणाले. तेवढाच निघाला.”

“माका कोणी सांगूक नाय.”

“मी सांगितलं नाही. तुम्ही रोज पहाटे उठून पेज करत होता. करू दे, म्हटलं. सांगितलं असतं तर तुमचे हात थांबले असते.”

बाहेर जोशीलकरांनी पाणी मागितलेलं ऐकू आलं. वहिनी उठल्या असाव्यात. सासूबाईंनी गॅस बंद केला.

“तिका म्हायत होतां?”

“होतं. तिनंच डॉक्टरांना खोदून विचारलं.”

त्यांनी डाव पातेल्याच्या कडेला टेकवला.

“आनी तरी रोज वाटी रिकामी करी,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, पातेलं उचललं आणि बाहेर वाढायला गेल्या. मीही मागून जाऊन माझ्या पानावर बसलो. गुरुनाथनं मान खाली घालून खीर संपवली, हात धुतला आणि दाराजवळ जाऊन खुर्चीवरची पिशवी उचलली.

“आये, गाडीत ठेवतंय ही. घाटात काळोख नको. लवकर निघूया.”

“ठेव ती खाली,” सासूबाई म्हणाल्या. त्या माझ्या पानात खीर वाढत होत्या. “पाणी सारक्यां होऊन जोडीदार येईपर्यंत मी येवचंय नाय.”

“आये, दोन म्हयने लागतले!”

“लागांदेत,” त्या म्हणाल्या आणि मला विचारलं, “आनी वाडू?”